दीडशे वर्षं पुरेल, सर!

आमच्या धंद्यात काही आकडे कुणी मुद्दाम पाठ करत नाही, ते आपोआप तोंडी बसतात. १०२४, ८०८०, ६५५३५, ४०४ वगैरे. त्यातलाच एक आकडा म्हणजे २१४७४८३६४७. दोनशे चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. ३२ बिटांच्या डब्यात धन आणि ऋण दोन्ही संख्या ठेवायच्या म्हटल्या तर त्यात मावणारी ही सगळ्यात मोठी संख्या. डेटाबेसमध्ये एखाद्या कॉलमला 'इंट' म्हटलं की त्याची वरची वेस ही.

ही वेस मी पुस्तकात वाचली होती, इंटरव्ह्यूमध्ये सांगितली होती, दोन-तीन ज्युनियर पोरांना शिकवलीही होती. प्रत्यक्षात तिच्यावर डोकं आपटलं ते तीन आठवड्यांपूर्वीच्या शुक्रवारी, रात्री सव्वाअकरा वाजता.

बॅग भरून तयार होती. शनिवारी सकाळी दहा वाजता साताऱ्याला बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं आणि मी पहाटेच्या बसनं निघणार होतो. तेवढ्यात सपोर्टच्या मुलाचा फोन. एका क्लायंटच्या सिस्टीममध्ये नवीन नोंदी पडणं बंद झालंय. लॉग उघडला तर एकच ओळ, शेकडो वेळा: डुप्लिकेट एन्ट्री '२१४७४८३६४७' फॉर की 'प्रायमरी'.

पोटात गोळा येणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. कारण ते टेबल मी बनवलं होतं. नोकरीच्या पहिल्याच वर्षी. क्लायंट जे मेसेज पाठवतो त्या प्रत्येकाची त्यात एक नोंद पडते. तेव्हा रोजच्या नोंदी होत्या चाळीस हजार. रिव्ह्यूमध्ये आमच्या सीनियरनं विचारलं होतं, "हा आयडी बिगइंट करायचा का?" मी तिथल्या तिथे भागाकार केला आणि मोठ्या ऐटीत म्हणालो, "दीडशे वर्षं पुरेल, सर. तोपर्यंत आपण नसू!" सगळे हसले. कॉलम इंट राहिला. नंतर क्लायंटचा धंदा वाढला, रोजच्या चाळीस हजारांचे चाळीस लाख झाले आणि माझी दीडशे वर्षं सहा वर्षांत संपली. मधल्या काळात तो भागाकार पुन्हा एकदा करून बघावा असं कुणालाच सुचलं नाही. मलाही नाही.

दोनशे कोटी ओळींच्या टेबलचा कॉलम बदलायचा म्हणजे तासन् तास टेबल अडकून राहणार. म्हणून शेजारी नवीन रिकामं टेबल बनवलं, आयडी बिगइंट, मोजणी जुन्या आकड्याच्या पुढून, मग नावांची अदलाबदल. नोंदी पहाटे साडेतीनला सुरू झाल्या. पण त्या आयडीवर अवलंबून असलेली अजून चार टेबलं आणि दोन प्रोग्रॅम निघाले, त्यांनाही इंटच माहीत होता. ते सगळं निस्तरून लॅपटॉप बंद केला तेव्हा शनिवारचे सव्वाबारा वाजले होते. आईचा मेसेज येऊन पडला होता. "झालं. व्यवस्थित. शेजारचे काका होते बरोबर. तू जेवून नीघ."

जेवून नीघ! यापेक्षा आई दोन शब्द बोलली असती तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी पोचलो तर बाबा काळा गॉगल लावून खुर्चीत बसले होते. बाबा म्हणजे बत्तीस वर्षं हायस्कूलला गणित शिकवून रिटायर झालेले मास्तर. दोन-तीन दिवस डोळ्यांना ताण नको म्हणून पेपर बंद, टीव्ही बंद. म्हणजे बाबांच्या दृष्टीनं जन्मठेपच. मी काहीतरी सॉरीसारखं पुटपुटलो. त्यांनी ते ऐकूनच घेतलं नाही.

"काय झालं होतं एवढं?"

"आकडे संपले, बाबा."

"आकडे संपत नसतात." मास्तर जागे झाले. "कितीवर थांबलं?"

मी आकडा सांगितला. त्यांनी एकदा परत म्हणून घेतला आणि गप्प झाले. मला वाटलं डुलकी लागली. तर पाचेक मिनिटांनी म्हणाले, "तिनानं जात नाही, बेरीज सेहेचाळीस येते. सात, अकरा, तेरानंही नाही जात."

"हे तोंडी केलंत?"

"त्यात काय आहे? सात गुणिले अकरा गुणिले तेरा म्हणजे एक हजार एक. उजवीकडून तीन-तीन आकड्यांचे गट पाड आणि एकाआड एक अधिक-वजा कर. ६४७ वजा ४८३ अधिक १४७ वजा २. आले ३०९. त्याला साताला एक उरतो, अकराला एक, तेराला दहा. मूळ संख्या आहे की काय ही?"

"आहे ना. प्रसिद्ध मूळ संख्या आहे."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? सगळीकडे लिहिलेलं आहे. आणि प्रोग्रॅम लिहिला तर डोळ्याचं पातं लवायच्या आत सांगेल."

"म्हणजे तुला माहीत नाहीये. तुला कुणीतरी सांगितलंय."

झालं! इंजिनिअरिंगची पदवी, सहा वर्षांचा अनुभव, आदल्या रात्रीचं जागरण, सगळं त्या एका वाक्यात सपाट. पण बरंही वाटलं. आम्हाला बोलायला विषय मिळाला होता. आणि आदल्या रात्रीच्या कारभारानंतर "कुणीतरी सांगितलंय" यावर माझाही भरवसा जरा कमीच झाला होता. आम्हा सगळ्यांना दीडशे वर्षं पुरेल असं सांगणारा तो कुणीतरी मीच होतो.

तर मंडळी, त्या शनिवार-रविवारी दर चार तासांनी बाबांच्या डोळ्यात ड्रॉप्स घालता घालता आम्ही दोघांनी जे काही केलं ते आता सांगतो. गणिताला घाबरणाऱ्यांनी पळून जाऊ नये, सगळं आठवी-नववीचंच आहे.

पहिली गोष्ट, हा आकडा वरून ओबडधोबड दिसतो, पण संगणकाच्या भाषेत तो म्हणजे ओळीनं एकतीस एक. २^३१ - १. असे नुसते एक लिहून बनणाऱ्या संख्यांमध्ये एक गंमत असते. १११ १११ या आपल्या साध्या संख्येला १११ नं भाग जाणार हे बघताक्षणी दिसतं, कारण तिचे तीन-तीनचे सारखे गट पडतात. तेच दोनच्या पद्धतीतही चालतं. पंधरा एक असतील तर तीन-तीनचे पाच गट पडतात, म्हणून त्या संख्येला १११ नं, म्हणजे आपल्या ७ नं, भाग जातो. थोडक्यात, एकांची संख्या जर संयुक्त असेल तर तो आकडाही संयुक्त. मूळ संख्या हवी असेल तर निदान एकांची मोजदाद तरी मूळ हवी.

आता आमच्या धंद्यातले डबे बघा. एक बिट चिन्हासाठी जातो, उरलेल्यांत सगळे एक भरले की त्या डब्याची वेस. ८ बिटांच्या डब्यात सात एक, म्हणजे १२७, मूळ. १६ बिटांत पंधरा एक, म्हणजे ३२७६७, हे झाले ७ गुणिले ३१ गुणिले १५१. ३२ बिटांत एकतीस एक, आपला आकडा. ६४ बिटांत त्रेसष्ट एक, तिनाचे गट पडतात, संयुक्त. हे डबे बनवणाऱ्यांच्या मनात मूळ संख्या वगैरे काही नव्हतं. त्यांना आठाच्या पटीत बिट हवे होते, बाकी सगळा योगायोग.

पण एकांची मोजदाद मूळ आहे म्हणून आकडाही मूळ असेलच असं नाही. अकरा एक म्हणजे २०४७, आणि तो आहे २३ गुणिले ८९. म्हणजे एकतीसवर विसंबून चालत नाही, तपासावं लागतंच.

तपासायचं कसं? शाळेतली रीत म्हणजे वर्गमूळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघणे. आपल्या आकड्याचं वर्गमूळ येतं ४६३४० आणि थोडं वर. तिथपर्यंत पावणेपाच हजारांहून जास्त मूळ संख्या आहेत. बाबा म्हणाले, "एवढं नाही होणार. चाळणी पाहिजे."

चाळणी आहे. आणि ती मला त्या दुपारपर्यंत नुसती 'वाचलेली' होती. बाबांना समजावताना पहिल्यांदा समजली.

समजा आपल्या आकड्याला क या मूळ संख्येनं भाग जातो. आता १ पासून सुरू करून दुप्पट करत जा, आणि दर वेळी क नं भागून बाकी तेवढी ठेवा. २^३१ - १ ला क नं भाग जातो याचा अर्थ एकतीस वेळा दुप्पट केलं की बाकी परत १ वर येते. एकतीस पावलांचं रिंगण. त्याआधी येऊ शकत नाही, कारण आधीचं छोटं रिंगण असेल तर त्याची लांबी एकतीसला भागणारी हवी आणि एकतीस तर मूळ आहे. आता १ ऐवजी दुसऱ्या कुठल्याही बाकीपासून सुरू करा, तरी रिंगण एकतीसचंच होतं. म्हणजे १ पासून क-१ पर्यंतच्या सगळ्या बाक्या एकतीस-एकतीसच्या रिंगणांत उभ्या राहतात, आणि एकही बाकी दोन रिंगणांत नसते.

"कवायतीसारखं," बाबा म्हणाले. "मैदानावर सगळ्या मुलांची एकतीस-एकतीसची रिंगणं केली आणि एकही मूल उरलं नाही. म्हणजे मुलांची संख्या एकतीसच्या पटीत."

अगदी तसंच. क-१ ला ३१ नं भाग जायलाच हवा. क विषम, म्हणून ६२ नं जायला हवा. याचा अर्थ ६२ च्या पटीत एक मिळवून येणाऱ्या संख्या सोडून बाकी कुणाला भागून बघायची गरजच नाही. (२०४७ वर ताडून बघा. तिथे २२ ची पट अधिक एक हवी. २३ आणि ८९, दोन्ही बरोबर बसतात.) यावर अजून एक बारीक चाळणी आहे. भागणाऱ्या संख्येला ८ नं भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरते. तिचं कारण सांगायचं तर अजून एक रविवार लागेल, पण दोन्ही चाळण्या एकावर एक ठेवल्या की उरतात फक्त दोन प्रकारच्या संख्या: २४८ च्या पटीत १ मिळवलेल्या, किंवा २४८ च्या पटीत ६३ मिळवलेल्या. ४६३४० पर्यंत अशा पावणेचारशेच्या आसपास. त्यातल्या मूळ तेवढ्याच ठेवल्या तर ऐंशीच्या घरात.

पावणेपाच हजारांवरून ऐंशीच्या घरात. ही कमाई कुठल्याही प्रोसेसरची नाही, नुसता विचार केल्याची आहे.

आणि ही चाळणी लावून हा आकडा मूळ आहे हे दाखवणारा माणूस म्हणजे लिओनार्ड ऑयलर. १७७२ साली बर्नूलीला लिहिलेल्या पत्रात त्यानं ते कळवलं. ऑयलर तेव्हा पासष्ट वर्षांचा, सेंट पीटर्सबर्गमध्ये. उजव्या डोळ्याची दृष्टी तरुणपणीच गेलेली. डाव्यात मोतीबिंदू. १७७१ मध्ये त्याचं ऑपरेशन झालं, थोडे दिवस दिसायला लागलं आणि मग तेही गेलं. त्याच वर्षी शहरात आग लागून घर जळालं. आणि पुढच्या वर्षी हा माणूस डोक्यात दहा आकडी संख्या घेऊन बसलाय, मुलांना आणि मदतनिसांना तोंडी सांगतोय आणि ते लिहून घेतायत.

हे मी बाबांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग गॉगल नीट करत म्हणाले, "घे कागद. पहिली कुठली येते?"

६३ आणि २४९ मूळ नाहीत. पहिली येते ३११. बाबांनी डोळे मिटून भागाकार केला, मी लिहीत गेलो. भागाकार ६९०५०९२, बाकी ३५. नाही जात. मग ४९७, ५५९, ७४५, ८०७... सगळ्या संयुक्त, गाळल्या. पुढची मूळ थेट १३०३. बाकी २२६. नाही जात. तिसरीला आईनं ताट वाढलं आणि ऑयलर थांबला.

जेवताना मी म्हटलं, याहून सोपी रीत पण आहे. एदुआर ल्यूका या फ्रेंच गणितज्ञानं एकोणिसाव्या शतकात शोधलेली आणि लेहमरनं १९३० साली सुटसुटीत केलेली. ४ पासून सुरू करायचं, वर्ग करून २ वजा करायचे, आपल्या आकड्यानं भागून बाकी ठेवायची, परत तेच. पाच एक असतील, म्हणजे ३१, तर ४, मग १४, मग ८, मग शून्य. शेवटी शून्य आलं की मूळ, नाही आलं की संयुक्त. आपल्या आकड्याला फक्त २९ वेळा करावं लागेल. बाबांनी विचार केला आणि नको म्हणाले. "दहा आकडी वर्ग एकोणतीस वेळा! आणि ते का चालतं ते मला कळणार नाही. भागाकार बरा. 'नाही जात' म्हणजे नाही जात."

ल्यूकाच्या रीतीची एक विचित्र गंमत आहे मात्र. ती संख्या संयुक्त आहे हे सांगते, पण अवयव सांगत नाही. म्हणजे 'फुटते' हे नक्की, पण कुठे फुटते ते माहीत नाही! मर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्यानं १६४४ मध्ये अशा कुठल्या संख्या मूळ आहेत त्याची यादी दिली होती. त्यात आपली ३१ ची होती, ती बरोबर निघाली. ६७ एकांचीही होती. १८७६ मध्ये ल्यूकानं दाखवलं की ती मूळ नाही, पण अवयव कुणालाच सापडेनात. १९०३ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कला अमेरिकन गणितज्ञांच्या सभेत फ्रँक नेल्सन कोल उभा राहिला. असं सांगतात की तो एक शब्द बोलला नाही. फळ्याच्या एका बाजूला २ चा ६७ वा घात काढला, एक वजा केला. दुसऱ्या बाजूला १९३७०७७२१ गुणिले ७६१८३८२५७२८७ असा गुणाकार मांडला. दोन्हीकडे तेच एकवीस आकडी उत्तर. तो खाली बसला आणि सभेनं टाळ्या वाजवल्या. किती वेळ लागला असं नंतर कुणी विचारलं तर म्हणाला, तीन वर्षांचे रविवार.

तीन वर्षांचे रविवार! आपले रविवार कुठे जातात ते आठवून मी विषय बदलला.

पण या सगळ्या मंडळींत मला सगळ्यात जवळचा वाटला तो पीटर बार्लो. इंग्लंडात वूलिचच्या लष्करी अकादमीत गणित शिकवायचा. ज्या संख्येच्या (ती स्वतः सोडून) सगळ्या विभाजकांची बेरीज तीच संख्या येते ती परिपूर्ण संख्या. ६ म्हणजे १, २ आणि ३. २८ म्हणजे १, २, ४, ७ आणि १४. ओळीनं एक असलेली मूळ संख्या मिळाली की तिच्यापासून एक परिपूर्ण संख्या बनते. आपल्या आकड्याला २^३० नं गुणलं की आठवी परिपूर्ण संख्या मिळते, २३०५८४३००८१३९९५२१२८. बार्लोनं १८११ च्या आपल्या पुस्तकात लिहिलं की यापेक्षा मोठी परिपूर्ण संख्या कधीच सापडणार नाही. कारण या संख्यांचा उपयोग काही नाही, नुसती मौज, तेव्हा याच्या पुढे जायचे कष्ट कुणी घेणार नाही.

म्हणजे बार्लोचं म्हणणं: एवढी पुरेल.

मूळ संख्यांमधला आपल्या आकड्याचा विक्रम १८६७ मध्ये मोडला. १८७६ मध्ये ल्यूकानं १२७ एकांची एकोणचाळीस आकडी मूळ संख्या दिली आणि तिच्यामागोमाग नवीन परिपूर्ण संख्याही आली. आता आपला आकडा या यादीत कुठेतरी तळाशी आहे. १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमननं 'गिम्प्स' सुरू केलं, जगभरचे हौशी लोक आपापल्या संगणकावर अशा संख्या शोधतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यातल्या ल्यूक ड्युरंटला सापडलेली संख्या आहे २^१३६२७९८४१ - १. चार कोटी दहा लाख चोवीस हजार तीनशे वीस आकड्यांची. आपला आकडा फक्त दहा आकडी. आणि तिचीही शेवटची खातरजमा ल्यूका-लेहमरच्या त्याच 'वर्ग करा, दोन वजा करा' रीतीनं झाली.

बार्लोचा 'उपयोग नाही' हा अंदाजही चुकला. लॉटरी, गेम, सिम्युलेशन, कुठेही रँडम आकडे लागतात तेव्हा एक साधी रीत वापरली जायची, अजूनही वापरतात. एक संख्या घ्या, १६८०७ नं (हा ७ चा पाचवा घात) गुणा, २१४७४८३६४७ नं भागा, बाकी ठेवा. हीच पुढची संख्या. पार्क आणि मिलर यांनी १९८८ मध्ये हीच रीत किमान प्रमाण म्हणून सुचवली. भाजक मूळ आहे आणि १६८०७ नीट निवडलाय म्हणून १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या बरोबर एकदा येते, मगच पुन्हा पहिली. म्हणजे ही पण कवायतच, फक्त सगळ्या शाळेचं मिळून एकच रिंगण.

आणि माझ्यासारखे 'पुरेल' म्हणणारे कमी नाहीत. २०१४ च्या डिसेंबरात 'गंगनम स्टाईल' या गाण्याची पाहणाऱ्यांची मोजणी या वेशीपाशी आली, तेव्हा यूट्यूबला ती ६४ बिटांवर न्यावी लागली. जुन्या सिस्टीम वेळ मोजतात ती १ जानेवारी १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांत. तो डबा भरतो १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी. पुढच्या सेकंदाला अशा संगणकाला वाटेल की आज १३ डिसेंबर १९०१ आहे. बार्लो काय आणि मी काय, आम्ही एकाच आकड्यापाशी उभं राहून एकच चूक केली. तो आकडा 'मोठा' आहे असं आम्हाला वाटलं. मोठा तो तेव्हा होता. मूळ तो १७७२ मध्ये होता, त्या शुक्रवारी रात्री सव्वाअकरालाही होता.

रविवारी निघताना बाबांनी विचारलं, "मग आता नवीन आकडा कुठवर जाणार?"

मी सांगितलं, ९२२३३७२०३६८५४७७५८०७. रोज चाळीस लाख नोंदी धरल्या तर सहाशे कोटी वर्षं. हे सांगताना माझा आवाज जरा बारीकच झाला असावा.

त्यांनी तीन-तीन आकडे परत एकदा म्हणायला लावले. ८०७ वजा ७७५ अधिक ८५४ वजा ३६ अधिक ३७२ वजा २२३ अधिक ९. "एक हजार आठ!" ते हसले. "श्री श्री १००८. सातानं जातो की हा." आणि मग, गॉगलआडून, "मोठा आहे. पण मूळ नाही."

बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं, सॉरी नीट म्हणायचं राहूनच गेलं.

पुढच्या आठवड्यात पेपर सुरू झाला, तसे बाबांचे भागाकारही सुरू झाले. यादी पाठवतो म्हटलं तर नको म्हणाले. २४८ च्या पटी त्यांनी स्वतः लिहिल्या, कुठल्या मूळ कुठल्या संयुक्त तेही स्वतः ठरवलं. एक शंभरपानी वही आणि शिसपेन्सिल. मी इकडे पुण्यात एक छोटा प्रोग्रॅम लिहून ठेवला होता, त्याला सगळं करायला एका सेकंदाचा काही हजारावा भागही लागत नाही. बाबांना मी त्याबद्दल काही बोललो नाही. ते फोनवर बाकी सांगायचे, मी स्क्रीनवर ताडून बघायचो. दोनदा त्यांची चूक निघाली. दोन्ही वेळा मी सांगायच्या आत त्यांनीच परत फोन करून दुरुस्त केली.

काल रात्री नऊ वाजता फोन आला. नेहमीसारखं "जेवलास का" नाही, काही नाही.

"लिहून घे. शेवटून दुसऱ्या ४६१२९ ला मी मूळ समजून भागत बसलो होतो. ती १६३ गुणिले २८३ निघाली. शेवटची ४६१९१ तिनानं जाते. म्हणजे खरी शेवटची ४५९४३. भागाकार ४६७४२. बाकी १५९४१."

मी स्क्रीनवर बघितलं. १५९४१.

"नाही जात," मी म्हटलं.

"नाही जात," बाबा म्हणाले. "आता मला माहीत आहे."

मग थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्या डोळ्याची तारीख मिळाली. पुढच्या महिन्यात, शनिवारच आहे. तुला जमेल का?"

मी सुट्टी टाकली आहे. गुरुवारपासून. आणि आमच्या सिस्टीममधले सगळे इंट कॉलम किती भरलेत ते दर सोमवारी तपासून मेल करणारा एक प्रोग्रॅमही लावलाय. पहिल्याच मेलमध्ये अजून दोन टेबलं सापडली. एक माझंच होतं.